तिसऱ्यांची आगारी

कुठून सुरुवात करू, हेच कळत नाही. पण चहाला उकळी येईपर्यंत ऐका. लोकांच्या खुणांचे आणि विधींचे अर्थ लावण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला स्वतःच्या फ्रीजरमधली पिशवी वाचता आली नाही, एवढाच हा किस्सा.

माझी पत्नी कोकणातली. लग्न होऊन धुळ्यात आली आणि तिच्या तिसऱ्या सुटल्या. खाडीतले ते लहान शिंपले तिला फार आवडत. पण "घरभर वास सुटेल," हे माझे एकच वाक्य तिला जन्मभर पुरले. ती गेली, आणि यंदा तिची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी आमच्याकडे पितरांच्या नावाने निखाऱ्यांवर घास घालतात. त्याला आगारी म्हणतात. या आगारीवर मी व्याख्याने देतो, हेही आत्ताच सांगून टाकलेले बरे.

आदल्या संध्याकाळी मुलगी कोकणातून आली. ती कसलेसे संशोधन करते. फ्रीजरमध्ये पिशवी ठेवत म्हणाली, "नाना, हिला हात लावू नका हं," आणि दमून झोपली. पिशवीत तिसऱ्या होत्या, वर तिच्या आईच्या माहेरगावाचे नाव.

मला आणखी पुरावा कशाला हवा? मृताच्या माहेरचे अन्न, आखाजीची पूर्वसंध्या आणि स्पर्शाची बंदी! लेकीने आईसाठी नैवेद्य आणला, हा निष्कर्ष मी उभ्याउभ्या काढला. सकाळी ती आंबे आणायला गेली. तिचे कष्ट वाचावेत म्हणून मी नाकाला उपरणे बांधून तिसऱ्या शिजवल्या.

शेजारच्या सुमनअक्का मांडे घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"हाई काय शे, भाऊ?"

"हिच्या आवडीचं, अक्का. आगारीला."

"आगारीमा असं टाकतस का कोनी?"

मृताची अपुरी इच्छा आणि नैवेद्याचे नियम यांवर मी त्यांना सविस्तर समजावले. जन्मभराचा उपास फिटावा म्हणून सगळ्या तिसऱ्या निखाऱ्यांवर घातल्या. शिंपले तडतडले. मला भरून आले.

तेवढ्यात मुलगी परतली. तिने रिकामी पिशवी पाहिली.

"नाना, नैवेद्य नव्हता तो. नमुने होते. आईच्या गावच्या तळ्यात, खाडीचं पाणी साचतं ना, तिथल्या तिसऱ्यांत शिसं, कॅडमियम उतरलंय का, ते तपासायचं होतं. मामीची पोरं रोज तेच खातात."

"म्हणजे... विषारी होत्या?"

"तेच तर आता कळणार नाही. पुन्हा जावं लागेल. तुम्ही दोघांनी खाल्ल्या नाहीत ना?"

"मनं तं वासवरीच पोट भरी गयं," अक्का म्हणाल्या.

मुलगी पाटावर बसली. "मॅडमना काय सांगू, कुठे गेल्या तिसऱ्या?"

"सांग, आईने खाल्ल्या."

ती हसली. हसता हसता तोंडावर ओढणी धरली, आणि बराच वेळ ओढणी खाली आली नाही.

मग डोळे पुसत म्हणाली, "माहेरी गेली की आई ओलं खोबरं लावून करायची. तुम्ही कशा केल्यात?"

तिसऱ्या कशा करतात, हे मी तिच्या आईला कधी विचारलेच नव्हते.

"शेवभाजीसारख्या," मी म्हणालो.