न येणारा ढेकर
शेजारच्या वावरातून कणकेचे जाड गोळे, म्हणजे रोडगे, भाजणाऱ्या गोवऱ्यांचा धूर आला की मला मावशीच्या गावची, अनसिंगची ती दुपार आठवते. माझं छातीतल्या जळजळीचं ऑपरेशन होऊन काही महिने झाले होते. जळजळ गेली, उशांचा ढीग न लावता झोप लागू लागली, पण जठराचं तोंड आवळल्यानं ढेकर बंद झाला आणि थोड्या जेवणानंही पोट फुगायचं. पित्तासाठी कोणी ऑपरेशन करते काय, म्हणून हसतील या लाजेनं मी नातेवाइकांत कुणाला काही सांगितलं नव्हतं. मावशीनं शेतात आंब्याखाली पंगत बसवली. वरण, वांग्याची भाजी, तुपात कुस्करलेले रोडगे. सगळे तृप्तीचे ढेकर देत होते, मी सोडून. "तुले ढेकर नाई आला अजून, घे," म्हणत मावशीनं माझ्या पत्रावळीवर आणखी दोन रोडगे टाकले. "बस झालं, मावशी." "लाजून राह्यला काय? तुयं पोट भरल्याबिगर मी कशी जेवू?" पोट ढोलासारखं ताठलं होतं. शेवटी मी घशातून खोटाच ढेकर काढला. ती खूश होऊन स्वतःचं ताट घ्यायला गेली. टोपलं रिकामं होतं. तिच्या वाट्याचे दोन रोडगे माझ्यापुढे वरणात भिजून लगदा झाले होते. ती हसत नुसतं वरण प्याली आणि मी मान वर केली नाही. आता रोडग्यांचं बोलावणं आलं की मी काम सांगून टाळतो, आणि ती अजून सगळ्यांना सांगते, पोरानं माह्या हातचं खाऊन कसा मोठा ढेकर देल्ला होता.