चल, पाणी पिऊन येऊ

"चल, पाणी पिऊन येऊ."

अक्का असं म्हणाली की समजायचं, आपलं काहीतरी चुकलंय. ती मागून यायची, खांद्यावर दोन बोटं टेकवायची, कानाशी वाकून एवढंच म्हणायची. मुसलमान बाई असली तर "चलो अम्मा, पानी पी को आते." कानडी बाईला कानडीत. मग दोघी उठून चिंचेखालच्या रांजणाकडे जायच्या. तहान लागलीय की नाही, हा प्रश्न नसायचा.

आमची डाळीची मिल गुलबर्ग्याच्या बाहेर होती. म्हैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं, त्याच्या आगेमागे मी तिथे लागले. चाळीस बाया जमिनीवर ओळीनं बसून तुरीच्या डाळीतले खडे निवडायच्या. अक्का आमच्यावर मुकादमीण. तिला कुणी नेमलं होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं. तिचं खरं नाव मी लिहिणार नाही. तुमच्याही कामावर अशी एखादी बाई असेल. तिलाच डोळ्यांपुढे आणा.

नवी बाई कामाला आली की अक्का गाव विचारायची नाही, जात विचारायची नाही. हातात सूप द्यायची, त्यात ओंजळभर डाळ टाकायची आणि पाठ फिरवून दुसऱ्याच कुणाशी बोलत बसायची. नवी बाई बिचारी पाखडत राहायची. थोड्या वेळानं अक्का मागं न बघता म्हणायची, "ऱ्हा उद्यापास्नं." किंवा "तुला अंगणातलं काम देते." ती सुपाचा आवाज ऐकायची. आवाजावरून तिला हात कळायचा.

माझी नात आता कडगंचीच्या विद्यापीठात शिकते. माणसं कामाला कशी घ्यावीत, कुणाला कोणत्या जागी बसवावं, याचं तिला पुस्तक आहे. तिनं मला त्यातलं वाचून दाखवलं. मी म्हटलं, हे मी बघितलंय. आमच्यात एक बडबडी होती. तिच्यामुळे दोन्हीकडच्या बायांचे हात थांबायचे. दुसऱ्या कुणी तिला हाकललं असतं. अक्कानं तिला फाटकाजवळ पोती शिवायला बसवलं. तिथे हमाल येता-जाता तिच्याशी बोलायचे आणि तिचं दाभण तोंडासारखंच चालायचं. बाळंतीण परत आली की अक्का तिला दाराजवळ बसवायची, म्हणजे पोराचं रडणं तिला आधी ऐकू येईल. एखादीचं काम कमी पडलं म्हणून तिनं तिला काढलेलं मी पाहिलं नाही. तिनं जागा बदलली.

मलाही तिनं एकदा पाण्याला नेलं. मी नवी होते आणि हुशारी करायची. माझ्या ढिगातले खडे हळूच शेजारणीच्या ढिगात सरकवायची. माझी डाळ स्वच्छ, तिची खडेवाली. रांजणाशी अक्का आधी स्वतः पाणी प्यायली, मग तिनं मला पेला भरून दिला.

"पोरी, खड्याला पाय असत्यात व्हय?"

"न्हाई अक्का."

"मग तुझ्या ढिगातले तिच्यात कसे गेले? चालत?"

मी पेला खाली ठेवला.

"आता त्ये माघारी कसे आणायचे, तुझं तू बग."

एवढंच. आठवडाभर मी जेवणाच्या सुट्टीत त्या शेजारणीची डाळ निवडून दिली. तिला वाटलं, मी फार चांगली आहे. अक्कानं तिला शेवटपर्यंत काही सांगितलं नाही.

पुढे मालकांचा मुलगा शिकून आला. त्याच सुमारास सरकारी माणसंही येऊ लागली. हजेरीचं मस्टर दाखवा, म्हणायची. लिहिता येणारी बाई हवी झाली. अक्का स्वतः मालकांकडे गेली. "ही चौथी शिकलीय. हिला द्या मुकादमी. मी बसते ओळीत." तिनं माझा हात धरून मला पुढे उभं केलं होतं. तो हात मला अजून आठवतो, खरखरीत, हळकुंडासारखा.

मी खुर्चीवर बसले आणि ती जमिनीवर. पण बाया अडलं-नडलं की तिलाच विचारायच्या. सुट्टी हवी असली तरी आधी तिच्याकडे. मग ती म्हणायची, "मला काय विचारायलीस? मुकादमीण तिथं बसलीय." बाया हसायच्या आणि माझ्याकडे यायच्या. ते हसणं मला टोचायचं. मस्टर माझं होतं, बाया तिच्या होत्या.

त्याच वर्षांत तिचे डोळे गेले. एकदम नाही. आधी एकात मोतीबिंदू, मग दुसऱ्यात. ती बोटांनी खडे शोधायची. मोठे सापडायचे, डाळीच्या रंगाचे बारीक राहून जायचे. मला कळलं होतं. तिलाही कळलं होतं, की मला कळलंय.

धाकट्या मालकांनी परीक्षा काढली. प्रत्येकीच्या सुपात वीस खडे मोजून टाकायचे. जिला दहापेक्षा कमी सापडले, तिचं काम बंद. "कुणाला दुसरीकडे बसवण्यासारखं असेल तर तू सांग," असं ते मला म्हणाले. "नावं मात्र सगळ्यांसमोर वाच. बाकीच्या नीट काम करतील."

आदल्या दिवशी अक्का माझ्याकडे आली. पहिल्यांदाच काही मागायला आली होती.

"दिसंना झालंय गं मला. पोती शिवायला बसव. दाभण हातानं कळतंय."

"बघू," मी म्हटलं.

"बग. तुझ्याच हातात हाय."

माझ्याच हातात होतं. धाकट्या मालकांना एक शब्द सांगायचा होता, ते हो म्हणाले असते. मी सांगितला नाही. भीतीनं नाही, पोटासाठीही नाही. ती फाटकाजवळ बसली असती तर बाया येता-जाता तिलाच विचारत राहिल्या असत्या. मला ती मिलमध्येच नको होती. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. म्हातारपणी माणूस स्वतःशी गोड बोलायला शिकतं, म्हणून लवकर लिहून टाकते.

परीक्षेत सगळ्यांना सारखेच खडे होते. मीच मोजून टाकले. न्याय चोख होता. अक्काला सात सापडले.

मी उभी राहून तिघींची नावं वाचली. तिचं शेवटी. मोठ्यानं. "विसातले सात. उद्यापासून यायचं नाही." सुपं थांबली. फाटकाशी बडबडीचं दाभणही थांबलं.

अक्का गुडघ्यावर हात देऊन उठली. सूप झटकून भिंतीला टेकवलं. चाचपडत माझ्या खुर्चीमागे आली. माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकली.

"चल, पाणी पिऊन येऊ."

"मला काम आहे," मी म्हटलं. मस्टरातून मान वर केली नाही.

बोटं जरा वेळ तशीच राहिली, मग उचलली गेली. ती एकटीच रांजणाकडे गेली, पाणी प्यायली, पेला विसळून पालथा घातला आणि फाटकातून बाहेर पडली. मी गेले असते तर ती काय म्हणाली असती, कोण जाणे. शिव्या दिल्या नसत्या, एवढं नक्की.

ती गेल्यावर एक बाई उठली आणि पाणी पिऊन आली. मग तिच्या शेजारची उठली. मग पुढची. न बोलता, ओळीनं, सगळ्या. पाणी पिऊ नका असं कसं म्हणणार? मी बसून राहिले.

अक्का पुढे हुलसूरला लेकीकडे गेली आणि तिथेच वारली. बस होती. मी कधी गेले नाही. कामाचं निमित्त तर नेहमीच असतं.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवसाचं सांगते आणि थांबते. सकाळी मी लवकर गेले, मस्टर उघडलं, तीन नावांवर रेघ मारली. बाया आल्या, बसल्या. ऊन चढलं तशी एक उठून रांजणाकडे गेली आणि रिकामा पेला घेऊन परत आली. रांजण कोरडा होता. इतकी वर्षं तो रोज सकाळी काठोकाठ असायचा. कोण भरत होतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. मस्टरात ते काम कुणाच्याच नावावर नव्हतं.

कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. मी खुर्चीवरून उठले आणि घागर घेऊन विहिरीवर गेले. अकरा खेपा लागल्या.