साध्या पेट्रोलवरची अक्का

आमच्या घरात ‘पोनी’ हा शब्द उठता-बसता कानावर पडायचा. आमच्या घरच्या भाषेत, तेलुगूत, त्याचा अर्थ ‘जाऊ दे’. सूत महागलं, पोनी. रंग उतरला, पोनी. जावई भरल्या पानावरून उठला, पोनी. हा शब्द मी एकाच माणसाच्या तोंडून कधी ऐकला नाही, ती म्हणजे माझी थोरली जाऊ. सोलापूरचा सगळा पूर्व भाग तिला अक्का म्हणायचा. मीही तेच म्हणत असे.

अक्का अंगानं आडवी आणि आवाजानं त्याहून आडवी. घरामागच्या शेडमध्ये आमचे यंत्रमाग चालायचे, चादरी विणल्या जायच्या. त्या खडखडाटात सबंध आयुष्य गेल्यामुळे साधं ‘चहा घे’ म्हणाली तरी शेजारीण दचकायची. माल विकायला मात्र तीच जायची. तिचे यजमान, आमचे थोरले भाऊजी, सज्जन होते, पण गिऱ्हाईक समोर आलं की त्यांना घाम फुटायचा.

संस्थानिकांचे तनखे बंद झाले त्या सुमारास अक्का कर्नाटकाच्या बाजूला एका छोट्या राजाकडे चादरींची ऑर्डर घ्यायला गेली. ऑर्डर काही मिळाली नाही. राजवाड्यातलं सामानच विकायला काढलं होतं. चार दिवसांनी आमच्या बोळाच्या तोंडाशी एक लाल, बुटकी, बिनछपराची विलायती गाडी येऊन उभी राहिली. राजाचा ड्रायव्हर चालवत होता आणि शेजारी इरकली नेसलेली अक्का बसली होती. शर्यतीत पळवायची गाडी ती.

“हे काय आणलंस?” भाऊजींनी विचारलं.

“गाडी.”

“अगं, दोघंच बसतात हिच्यात.”

“मग तुमी आणि मी. बाकीचे येतील की रिक्षानं.”

तो ड्रायव्हर आठवडाभर राहिला. होम मैदानावर रोज सकाळी अक्का गाडी शिकायची आणि बघायला गर्दी व्हायची. पोरं ओरडायची, अक्का त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडायची. आठवड्यानं ड्रायव्हर परत गेला. जाताना त्यानं एकच सांगितलं, “बाईसाहेब, हिला भारी पेट्रोल लागतं. साधं घातलंत तर इंजिन आतून फुटेल.”

वर्ष-दीड वर्ष ते भारी पेट्रोल शहरातल्या एका पंपावर मिळायचं. मग अरबांनी तेल महाग केलं आणि पंपावर पाटी लागली, उच्च ऑक्टेनचं, म्हणजे ते भारी, पेट्रोल येणार नाही. भाऊजींना आतून बरंच वाटलं असावं. ते म्हणाले, “आता झाकून ठेव. येईल पेट्रोल तेव्हा काढ.”

“झाकून ठेवायला लोणचं हाय व्हय?” अक्का म्हणाली आणि साधं पेट्रोल भरून अक्कलकोटला निघून गेली.

गाडी खडखडू लागली. चढ आला, वेग वाढवला की इंजिनातून डब्यात खडे घालून हलवल्यासारखा आवाज यायचा. उन्हाळ्यात तर फारच. एके दुपारी अक्कलकोट रस्त्यावर मोठा आवाज झाला, निळा धूर निघाला आणि गाडी बैलांनी ओढून आणावी लागली. रज्जाकभाई मेस्त्रींनी इंजिन उघडलं. एका पिस्टनला डोक्यावर भोक पडलं होतं. काडी जाईल एवढं.

बघायला सगळी भावकी जमली. चुलतसासरे म्हणाले, “सांगत होतो. बाईच्या हातात गाडी आणि गाडीत हलकं तेल, दुसरं काय होणार?”

अक्कानं तो पिस्टन धुऊन घेतला, त्यात उदबत्ती खोचली आणि देवघरात ठेवला. “भोक बरोबर उदबत्तीच्या मापाचं पडलंय,” ती चुलतसासऱ्यांना म्हणाली. मग रज्जाकभाईंकडे वळली. “हिला साधं पेट्रोल पचंल असं काय करता येईल, सांगा.”

रज्जाकभाईंनाही नक्की ठाऊक नव्हतं. इंजिनाच्या हेडखाली गॅस्केटचा जाड पत्रा घालून आतला दाब कमी करू या, ठिणगी जरा उशिरा पडेल असं करू या, असं अंदाजानं त्यांचं चाललं होतं. “लेकिन अक्का, ताकत जाएगी,” ते म्हणाले. “गाडी भागेगी नहीं.”

“न्हाई भागली तर चालू दे. उभी राहायला नको.”

दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. दरम्यान गाडी विकून टाकावी म्हणून भाऊजींनी कुणाच्या तरी ओळखीनं पुण्याच्या एका साहेबांना बोलावून घेतलं होतं. साहेबांना जुन्या विलायती गाड्यांचं वेड. माणूस मनाचा चांगला होता. गाडीभोवती फिरताना त्यांचा हात तिच्या अंगावरून मायेनं फिरत होता. जाड गॅस्केट बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी राहिलं.

“बाई, हा गुन्हा आहे. अशा जनावराला तुम्ही घाण्याला जुंपलंत. मला द्या. मी हिला हवं ते पेट्रोल मुंबईहून आणून घालीन.”

“आणि चालवणार कुटं?”

“रोज नाही चालवायची. वर्षातून एखाद्या वेळी.”

अक्का हसली. “तुळजापूरचा घाट चढवते. एकदा जरी खडखडली तर गाडी तुमची. बसा.”

मी आणि भाऊजी मागून एसटीनं गेलो, त्यामुळे घाटाच्या सुरुवातीचं मला खिडकीतून दिसलं. लाल गाडी पुढं चालली होती, वरातीच्या घोड्यासारखी. आमच्या एसटीनं तिला पहिल्याच वळणावर मागं टाकलं. खिडक्यांतून लोक हसले, कुणीतरी शिट्टी वाजवली. अक्कानं मान वळवली नाही. शेजारी साहेब दोन्ही पाय रेटून बसले होते, जणू त्यांच्याच पायाखाली ॲक्सिलरेटर होता.

पुढचं साहेबांनी स्वतः वर देवळापाशी सांगितलं. त्यांना राहवेना. “दाबा ना बाई! एसटी पुढे गेली!”

“दाबलं की खडखडतं,” अक्का म्हणाली. “मला वर जायचंय. कुणाच्या पुढं जायचं न्हाई.”

एकदाही खडखड न होता गाडी वर पोचली. साहेब खाली उतरले, घाम पुसला. “चढली, मान्य. पण हिला असं चालताना मला बघवत नाही.”

“मग नका बघू,” अक्का म्हणाली आणि त्यांच्या हातावर देवीचा प्रसाद ठेवला. त्यांनी तो कपाळाला लावून खाल्ला. पुन्हा गाडी मागितली नाही.

त्यानंतर अक्का त्या गाडीतून सगळीकडे गेली. मागच्या डिकीत चादरींचे गठ्ठे, बाजूच्या सीटवर मी. मैंदर्गीच्या बाजारात कानडी बोलून माल विकायची, परत येताना शेंगा घ्यायची. उन्हं चढायच्या आत निघायचं, चढाला गिअर आधी बदलायचा, हे तिचं ठरलेलं. भल्या घरच्या बायका अशा हिंडत नाहीत, असं कुणी म्हटलं की म्हणायची, “मग त्यांना सांगा, हिंडा म्हणून.”

पुढं काचबिंदूनं तिची नजर गेली. हळूहळू नव्हे, दोनेक वर्षांतच. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी घरी येऊन तिनं हातानं चाचपत गाडी पुसून काढली. सगळ्यांना वाटलं, आता तरी गाडी विकली जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं किल्ली माझ्या हातात दिली. तिच्या मुलाच्या नाही, माझ्या नवऱ्याच्याही नाही.

“मला येत नाही, अक्का.”

“मला तरी कुटं येत होतं?”

मंद्रूपच्या रस्त्यावर ती शेजारी बसून मला शिकवायची. दिसायचं नाही, पण कान शाबूत होते. “बदल. बदल म्हणतेय न्हवं? इंजिन रडायलंय, ऐकू येईना?” मी दोनदा गाडी शेतात घातली. दोन्ही वेळा ती धुळीतच बसून पोट धरून हसली. एकदा एक ट्रकवाला थांबून म्हणाला, “आंधळी शिकवायली आणि बावळट शिकायली.” अक्कानं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवून असं काही ऐकवलं की ट्रकवाल्यानं क्लीनर वर चढायचीही वाट पाहिली नाही.

ती गेली ऐन उन्हाळ्यात, झोपेतच. तिरडी उचलली तेव्हा बायका अंगणात रडत राहिल्या. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. मी आत गेले, किल्ली घेतली आणि गाडी काढली. प्रेतयात्रेच्या मागं, माणसांच्या पावलांच्या वेगानं चालवत राहिले. नाक्यावर चुलतसासरे रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.

“तू हितनं मागं फिर.”

मी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं नाही.

“मामंजी, बाजूला व्हा.”

“रीत हाय ती.”

“असू दे. मी येणार.”

माझा आवाज एवढा मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं. पुढं गेलेली माणसं थांबून वळून बघायला लागली. भाऊजी तिरडीपासून माघारी आले. जन्मभर घाम पुसत बसलेला तो माणूस चुलत्याचा हात धरून म्हणाला, “काका, येऊ द्या तिला.” आणि गाडीचं दार उघडून माझ्या शेजारी बसला.

चितेला अग्नी दिला तेव्हा मी तिथंच उभी होते. ज्वाळा खाली बसेपर्यंत मी हलले नाही.