न उघडणाऱ्यांची यादी मागणारे संपादक

श्री. यासीन बागवान यांना मी प्रथम पाहिले ते शनिवार पेठेतील आमच्या संस्थेच्या कार्यालयात, माझ्या मुलाखतीच्या दिवशी. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. तोवरची नोकरी एका कारखान्याच्या भांडारात साठ्याच्या नोंदी ठेवण्यात गेली होती. ग्रामपंचायती आणि नगरपरिषदांतील कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणाऱ्या या संस्थेत माझा काय उपयोग होईल, हे मलाही नीटसे ठाऊक नव्हते. बागवानसाहेबांनी माझी प्रमाणपत्रे बाजूला सरकवली आणि टंकलिखित दोन लेख पुढे ठेवले.

"यातली बातमी कोणती आणि जाहिरात कोणती, एवढेच सांगा."

दोन्ही लेख गावाच्या पाणीपुरवठ्याविषयी होते. मी दोनदा वाचले. मग म्हणालो, "पहिल्या लेखात साहेबांचे नाव सात वेळा आले आहे आणि नळ एकदाच. दुसऱ्यात साहेब कोण ते कळत नाही, पण कोणत्या आळीला किती वाजता पाणी येते ते कळते."

"म्हणजे मोजता येते तुम्हाला," ते म्हणाले. "सोमवारपासून या."

एवढ्यावर मुलाखत संपली.

सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर बागवानसाहेबांनी संस्थेचे 'कारभारातील प्रयोग' हे मासिक वार्तापत्र हाती घेतले. लोकांची कामे सोपी व्हावीत म्हणून एखाद्या कचेरीने काही नवे करून पाहिले, तर ते इतर कचेऱ्यांना कळवायचे, हा त्याचा उद्देश. बारा पानांचा अंक ई-मेलने अधिकारी, ग्रामसेवक, सरपंच आणि अभ्यासक अशा सर्वांना जात असे. आलेल्या प्रत्येक लेखाला साहेबांचे तीन प्रश्न ठरलेले असत: काय बदलले, कोणासाठी बदलले, आणि हे करणारा अधिकारी गेल्यावर ते टिकेल का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर लेख परत जाई. आमच्यापैकी कोणाचा लेख परत गेला, की दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर मंडईतल्या साहेबांच्या घरच्या गाळ्यावरची चार उत्तम डाळिंबे असत. त्यामुळे कार्यालयात कोणाच्या टेबलावर डाळिंबे दिसली, की इतर जण हळहळत. लेख नापास करणारे संपादक मी पुष्कळ पाहिले आहेत. माणूस नापास झालेला नाही, हे त्याला कळावे म्हणून एवढी तसदी घेणारे मला दुसरे भेटले नाहीत.

'वर्षानंतर' हे सदर त्यांनीच सुरू केले. ज्या प्रयोगाचे कौतुक छापले, त्याची वर्षभराने पुन्हा चौकशी करायची आणि तो बंद पडला असेल तर तेही तितक्याच ठळकपणे छापायचे. एकदा एका अधिकाऱ्यांचा चिडून फोन आला. आपला उपक्रम बंद पडला, असे कृपया छापू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

"मग काय छापू?" साहेबांनी अत्यंत मृदू स्वरात विचारले. "सध्या विश्रांती घेत आहे, असे लिहू का?"

बातमी छापली गेली. बंद पडण्याची कारणे त्या अधिकाऱ्यांनी स्वतःच लिहून पाठवली. आमच्या मते तो त्या वर्षातील सर्वांत उपयोगी मजकूर होता.

आता ज्या प्रसंगामुळे मी साहेबांच्या या गौरवग्रंथात लिहिण्यास पात्र ठरतो, त्याकडे वळतो. तो फारसा माझ्या बाजूचा नाही.

काही वर्षांपूर्वी प्रशिक्षणवर्गांना मागणी वाढली आणि संस्थेत माणसे मात्र तेवढीच राहिली. वार्तापत्र चालू ठेवावे, की त्यावरची माणसे वर्गांकडे वळवावीत, हे विश्वस्तांना ठरवायचे होते. त्यासाठी त्यांनी वार्तापत्राचा आशय आणि वाचकवर्ग यांचे विश्लेषण मागवले. ते काम माझ्याकडे आले. मी सर्व अंक विषयवार लावले. सुरुवातीच्या अंकांत पाणी आणि स्वच्छता, पुढे दाखले आणि खिडक्यांवरच्या रांगा, आरोग्य आणि शाळा मात्र सतत कमी, असे चित्र निघाले. प्रत्येक अंक किती जणांना गेला, किती जणांनी उघडला, किती वेळ उघडा राहिला, याची नोंद संगणकात होतीच. यादी लांबलचक होती, उघडणारे थोडे, आणि ज्यांच्यासाठी अंक निघतो ते अधिकारी त्यांत सर्वांत थोडे. अहवालाच्या शेवटी मी शिफारस लिहिली: वार्तापत्र बंद करावे.

ती प्रत मी स्वतः नेऊन साहेबांच्या हातात दिली. निवृत्तीनंतरची त्यांची सारी वर्षे या वार्तापत्रात गेली होती, हे मला माहीत होते. त्यांनी लाल पेन्सिल घेऊन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले.

"शिफारशीला मी हात लावणार नाही. ती तुमची आहे," ते म्हणाले. "पण अहवालात एक चूक आहे."

त्यांनी ज्या ओळीवर पेन्सिल टेकवली, ती वार्तापत्राच्या बाजूची होती. सर्वांत अधिक जणांनी उघडलेल्या अंकाचा मी तेथे उल्लेख केला होता.

"या अंकाचे शीर्षक काय होते?"

"'बदल्यांनंतर प्रयोगांचे काय होते?'"

"महिना?"

"मे."

"अहो सोनवणे, मे महिन्यात सरकारी माणसाला 'बदल्या' एवढे दिसले, की तो भरल्या ताटावरून उठून पत्र उघडतो. यादी नाही, आपले नाव नाही, असे पाहून मिटतो. त्याला तुम्ही वाचक म्हणता? काढा ते."

स्वतःचे वार्तापत्र बंद होण्याच्या बेतात असताना त्याच्या बाजूचा सर्वांत मोठा आकडा त्यांनी आपल्या हाताने खोडला. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"आता मला एक यादी द्या. न उघडणाऱ्यांची."

"ती फार मोठी आहे, साहेब."

"मग आजच सुरुवात करू."

विश्वस्तांच्या बैठकीला तीन आठवडे होते. ओळखीचीच नावे निवडली, असा आक्षेप येऊ नये म्हणून यादीतले दर दहावे नाव घ्यायचे, असे मी सुचवले आणि साहेबांनी ते लगेच मान्य केले. रोज अकरा वाजता ते फोन लावत आणि मी शेजारी बसून वहीत उत्तरे उतरवून घेई. रमजानचे दिवस होते. सत्तरी ओलांडलेला माणूस पाण्याच्या घोटाशिवाय दुपारपर्यंत बोलत राही आणि आमच्यासाठी मात्र आठवणीने चहा मागवी. मी एकदा म्हणालो, "साहेब, ईदनंतर केले तर?" ते म्हणाले, "बैठक ईदनंतर ठेवली आहे का?"

पहिले काही फोन निराशेचे होते. एकांनी विचारले, "तुम्ही ते कर्ज घ्या म्हणणारे का?" दुसऱ्यांनी आपण निवृत्त झालो असून यापुढे कोणत्याही कारभारात रस नाही, असे कळवून टाकले. एका घरी फोन त्या गृहस्थांच्या पत्नीने घेतला. "ते गेले हो, दोन वर्षे झाली," त्या म्हणाल्या. "पण तुमचे पत्र येते. मी बंद केले नाही." साहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि पुढचे सारे संभाषण त्यांनी उभ्यानेच केले. फोन ठेवल्यावर त्या बाईंना स्वतःच्या अक्षरात सांत्वनाचे पत्र लिहिले आणि मगच पुढचे नाव विचारले.

चौथ्या की पाचव्या दिवशी एका नगरपरिषदेतील लिपिक बाईंशी बोलणे झाले. आपण वार्तापत्र उघडत नाही, हे त्यांनी निःसंकोचपणे मान्य केले.

"मी कशाला उघडू, सर? आमच्या शिंदेमॅडम छापून काढतात ना. डबे खाताना एकजण मोठ्याने वाचतो, आम्ही ऐकतो."

"किती जण ऐकता?"

"डबा आणणारे सगळेच की."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या अहवालात ती सगळी कचेरी म्हणजे उघडणारी एक व्यक्ती होती. त्यानंतर पुण्याजवळच्या एका गावातील पंचायतीचे शिपाई फोनवर आले. "ते पत्रक होय? ते तर आमच्या पंचायतीच्या दारावर हाय. दाखल्याला आलेला माणूस उभ्या उभ्या वाचतोय." तेथील ग्रामसेवकांचे नाव माझ्याकडे 'कधीही न उघडणारे' या रकान्यात होते. त्यांना दुसऱ्या गावचे मित्र छापील प्रत देत असत.

आता मी उत्साहाने प्रत्येक दाराला आणि फळ्याला वाचक म्हणून धरू लागलो. साहेबांनी मला लगेच थांबवले.

"सोनवणे, मंडईत आमच्या गाळ्यापुढे उभा राहून भाव विचारणारा प्रत्येक माणूस गिऱ्हाईक नसतो. माझे वडील म्हणत, पिशवी उघडली की गिऱ्हाईक समजावे. यांना विचारू या, वाचून काय केलेत?"

त्या दिवसापासून हा प्रश्न ठरून गेला. "फळ्यावर लावले आहे, पण वाचायला वेळ कोणाला आहे?" असे उत्तर आले, की ते स्वतःच मला सांगत, "लिहा, नाही." एका आरोग्य केंद्रातील औषधनिर्मात्यांनी मात्र सांगितले की, आमच्या अंकात वाचल्यापासून ते शिल्लक औषधांची नावे रोज सकाळी खडूने बाहेर लिहितात, त्यामुळे लोकांचा हेलपाटा वाचतो. साहेबांनी त्यांना दोन वेळा विचारले, "आजही लिहिलीत?" उत्तर आले, "आज अकराला लिहिली. उशीर झाला, माफ करा." त्या दिवशी साहेब प्रथमच हसले.

तीन आठवड्यांनंतर, वाचक नेमके किती, हे मला सांगता येत नव्हते. काही आकडे फुगलेले होते, काही फार अपुरे. आकड्याच्या जागी 'मोजता आले नाही' असे मी आयुष्यात प्रथमच लिहिले आणि माझी शिफारस मागे घेणारी पुरवणी जोडली.

बैठकीत आमच्या अध्यक्ष, ज्या स्वतः निवृत्त प्राध्यापिका आहेत, त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "तीन आठवड्यांत मत बदलले? की संपादक शेजारी बसतात म्हणून?"

मी म्हणालो, "आकडे तेच आहेत, बाई. मी पत्रे मोजली होती. वाचणारी माणसे मोजायची राहिली होती."

त्यांनी बागवानसाहेबांना बोलण्यास सांगितले. "मी बोललो तर ती वकिली होईल," असे म्हणून साहेब उठले. दारापाशी थांबून एवढेच म्हणाले, "बंद करायचे ठरले तर शेवटचा अंक नीट काढू द्यावा. का बंद केले, हे लोकांना कळले पाहिजे." आणि चर्चा मोकळेपणाने व्हावी म्हणून बाहेर जाऊन बसले.

निर्णय असा झाला: एक वर्षाची मुदत, आणि बारा पानांऐवजी दारावर वा फळ्यावर लावता येईल असे मोठ्या अक्षरांतील एकच पान. साहेबांनी तो शांतपणे ऐकला आणि विचारले, "अक्षर किती मोठे? चष्मा घरी विसरलेल्या माणसाला वाचता येईल एवढे?"

त्या पहिल्या एकपानी अंकात काय छापायचे, हे त्यांनी मला दाखवले नाही. अंक गेल्यावर मी तो पाहिला. सर्वांत वर, ठळक अक्षरांत, माझ्या विश्लेषणाचा सारांश होता: काय चांगले निघाले, काय वाईट निघाले, आणि हे वार्तापत्र बंद करावे अशी शिफारस संस्थेचे श्री. सोनवणे यांनी प्रथम का केली होती. खाली कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक होता. माझी पुरवणी सर्वांत शेवटी, लहान अक्षरांत होती.

"साहेब, हे उलट छापायला हवे होते," मी म्हणालो.

"का? दोन्ही खरे आहे ना?"

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. पुढे कित्येक दिवस मला दुसरे काम करता आले नाही. "ते सोनवणे तुम्हीच का?" अशी सुरुवात होई. एक बाई म्हणाल्या, "आमच्या दारावरचे पान काढणारे तुम्ही कोण?" एका सरपंचांनी विचारले, "एवढं शिकून सवरून एवढं कळंना व्हय तुम्हाला?" एका कचेरीतून तर पाच जणांनी आळीपाळीने फोन हातात घेऊन मला सुनावले. मी प्रत्येकाला गावाचे आणि कचेरीचे नाव विचारले व यादीशी ताडून पाहिले. त्यांतील पुष्कळ नावे आमच्या यादीत कधी नव्हतीच.

पलीकडच्या टेबलावरून साहेब मुद्रिते तपासता तपासता मान वर न करता म्हणाले, "घ्या, नीट उतरवून घ्या. वाचक मोजायचे होते ना तुम्हाला?"

वर्ष संपल्यावर मुदतीचा विषय विश्वस्तांनी पुन्हा काढला नाही.

ते फोन उतरवून घेतलेल्या वहीची पाने मी आजही अभिमानाने लोकांना दाखवतो. आपल्या बाजूचा खोटा आकडा खोडण्याचे आणि आपल्याविरुद्धचे मत ठळक छापण्याचे धैर्य ज्यांच्यात आहे, अशा संपादकांच्या हाताखाली मला काम करता आले, याहून मोठे प्रमाणपत्र माझ्याजवळ नाही.

बागवानसाहेब आज पंचाहत्तर वर्षे पूर्ण करीत आहेत आणि संपादकाच्या खुर्चीवर आजही तेच आहेत. त्यांची नजर अशीच धारदार राहो, कार्यालयाचे दोन जिने चढताना त्यांच्या गुडघ्यांनी कधी तक्रार न करो, आणि घरच्या मंडळींना त्यांचा सहवास दीर्घकाळ लाभो. त्यांना निरामय शतायुष्य मिळावे, ही प्रार्थना मी संस्थेच्या वतीने करतो, आणि ज्यांची नावे आमच्या कोणत्याही यादीत नाहीत, त्या सर्व वाचकांच्या वतीनेही.