बेरजेत एक हवालदारीण जास्त

तक्तेबुवांना त्यांच्या बायकोने पहिल्या भेटीतच अटक केली, असं पोलीस मुख्यालयात सांगतात. बेड्या घातल्या होत्या, असंही काही जण सांगतात. कँटीनवाला सांगतो त्यात तर ती त्यांना कॉलर धरून उचलते, तीन पायऱ्या चढते आणि ठाण्याच्या बाकावर अशी आदळते की बाकाचा एक पाय अजून तिरका आहे. खुद्द बुवांचं म्हणणं एवढंच की आपल्याला फक्त बसवून ठेवलं होतं, दोन तास पस्तीस मिनिटं, आणि बाक आधीपासूनच तिरका होता.

बुवा तेव्हा तिशीला टेकलेले, मुख्यालयात नवे कारकून. राज्यभरात किती पोलीस आहेत आणि किती असायला हवेत, याचा हिशोब ठेवणाऱ्या शाखेत त्यांची नेमणूक होती. कागदावरची माणसं खरोखर हाडामांसाची आहेत की नाहीत, हे बघायला वर्षातून एकदा या शाखेचा कारकून न कळवता ठाण्याठाण्यांवर जाऊन डोकी मोजून येई. त्या वर्षी राज्याच्या पार टोकाचं ठाणं बुवांच्या वाट्याला आलं. सात तास एसटीत हाडं खिळखिळी करून ते पोचले, तेव्हा रजिस्टर काखेत होतं, पेन्सिल कानावर होती आणि ओळखपत्र घरी दुसऱ्या शर्टाच्या खिशात होतं.

फाटकावर एक तरुण महिला शिपाई उभी होती. टोपी एक नंबर मोठी, नजर दोन नंबर मोठी. बुवांनी सांगितलं, मी माणसं मोजायला आलोय. आठच दिवसांपूर्वी एक जण असाच विजेचे खांब मोजायला आला होता आणि जाताना अर्धा मैल तार घेऊन गेला होता. तेव्हा बाईंनी बुवांना बाक दाखवला आणि ठाणेदारसाहेब येईपर्यंत हलायचं नाही म्हणून सांगितलं.

बसल्या जागी वेळ का दवडा, म्हणून बुवांनी तिथूनच मोजणीला सुरुवात केली. फाटकावर महिला शिपाई, एक. थोड्या वेळाने वायरलेसच्या खोलीच्या खिडकीत कानाला यंत्र लावलेली महिला शिपाई दिसली, दोन. मग आतल्या टेबलाशी एका म्हातारीची तक्रार लिहून घेणारी दिसली, तीन. बुवांनी सुवाच्य अक्षरात नोंद केली: महिला शिपाई हजर तीन, काम समाधानकारक. ठाणेदार आले, त्यांनी मुख्यालयाला फोन लावून बुवांची ओळख पटवून घेतली, रजिस्टरवर नजर टाकली आणि इतके हसले की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. बाई शेजारी सावधान उभ्या होत्या.

"त्या तिघी मीच," त्या म्हणाल्या.

एका बाईला तीनदा मोजल्यावर तिला विसरायचं म्हटलं तरी जमत नाही. दीड वर्षाने लग्न झालं.

आता या दोघांनी एका घरात राहावं, यात अवघड काय, असं कुणालाही वाटेल. पोलीस खात्यात नोकरी न केलेल्या कुणालाही. त्या ठाण्यात महिलांच्या मंजूर जागा चार होत्या आणि हजर ही एकटी. तिला सोडलं तर बाईमाणसाची तक्रार घ्यायला, झडती घ्यायला, कोर्टात घेऊन जायला ठाण्यात काळं कुत्रं उरत नव्हतं. आणि बुवांनी तिकडे जावं म्हटलं, तर मुख्यालयाच्या कारकुनांची यादी वेगळी, जिल्ह्याची वेगळी. एका यादीतून दुसरीत उडी मारायला परवानगी नाही. म्हणून ती ठाण्यामागच्या पोलीस लाइनीत दोन खोल्यांत, आणि हे शहरात सरकारी क्वार्टरमध्ये. मधे एसटीचे सात तास. दर दुसऱ्या रविवारी भेटायचं ठरलं होतं, पण रविवार आणि बंदोबस्त यांचं मेतकूट जुनं. मुलगी झाली, ती सातवीपर्यंत आईकडे राहिली आणि मग शाळेसाठी बापाकडे आली. बुवा तिची ओळख करून देताना म्हणत, ही मूळ नेमणूक तिकडची, सध्या आमच्याकडे प्रतिनियुक्तीवर. मुलगी कपाळाला हात लावी.

बुवांचा तक्ता हे एक प्रकरण होतं. दोन टेबलं जोडली की मगच तो पुरता उलगडे. एक्केचाळीस घटक, प्रत्येकापुढे मंजूर, हजर, रिक्त. डावीकडे अधिकारी ऐसपैस पसरलेले, मधे हवालदार आणि शिपायांची दाटी, आणि पार उजव्या कडेला नागरी कर्मचारी, म्हणजे कारकून, टंकलेखक, सफाईवाले, फोटोग्राफर. हा रकाना इतका चिंचोळा की तीन आकडी संख्या आली तर ती उभी करून लिहावी लागे. बुवा स्वतः याच रकान्यातले. गणवेशवाले त्यांना चिडवत, तुमचं काय बुवा, पाच वाजले की पिशवी उचलून मोकळे. बुवा म्हणत, तुमची सगळी फौज माझ्या पेन्सिलीच्या टोकावर उभी आहे, जपून बोला. यात बढाई होती, पण खोटं काही नव्हतं. बावीस वर्षांत त्यांची बेरीज एकदाही चुकली नव्हती. तक्ता वर मंत्रालयात जाई आणि त्यातल्या रिकाम्या जागा बघून भरतीचे, बदल्यांचे हुकूम निघत.

या तक्त्यासाठी प्रत्येक ठाण्याकडून दर महिन्याच्या पाच तारखेला छापील पत्रक येई. टोकाच्या ठाण्यातली कारकुनाची जागा बापजन्मात भरलेली नव्हती, त्यामुळे तिथलं पत्रक भरायचं कामही तिच्याच गळ्यात. आकडे ती शाईने लिही. शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना असे, ज्यात कुणीच कधी काही लिहीत नाही. त्यात ती पेन्सिलीने एक ओळ लिही. 'गुडघा बरा आहे.' 'मुलीचा दात पडला, जपून ठेवलाय.' 'आता हवालदार झाले, पगार तेवढाच.' फोन दोघांकडे होते आणि बोलणंही रोजचंच होतं. पण बुवा फोन ठेवताना जेवढे खुलत नसत, तेवढे पाच तारखेला खुलत. सरकारी कागद असल्यामुळे ओळ खोडणं भाग होतं. ते मऊ रबर घेत आणि इतक्या हलक्या हाताने पुसत की कागद खिडकीकडे तिरपा धरला की पुन्हा वाचता यावी.

शाखेच्या प्रमुख बाईंना, ज्यांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत, हे सगळं ठाऊक होतं. त्या पाच तारखेला बुवांच्या खिडकीपाशी कुणाला उभं राहू देत नसत.

आणि मग एकदा शहरातल्या महिला कक्षात एका हवालदाराची जागा रिकामी झाली. राज्यात ही बातमी सर्वांत आधी कुणाला कळणार? बुवांनी त्याच तासाला फोन केला, तिने त्याच दिवशी अर्ज धाडला, मोठ्या बाईंनी चार ठिकाणी शब्द टाकला आणि तीन आठवड्यांत बदलीचा हुकूम निघाला. बुवांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी क्वार्टरमध्ये दाराशेजारी दोन खुंट्या ठोकल्या, एक टोपीला आणि एक पट्ट्याला. एकुलत्या खुर्चीला जोडीदार आणली. पलंग मोठा केला. त्या महिन्याच्या शेऱ्यात लिहिलं होतं, 'निळी चादर घेतली. रुंद आहे.' ही ओळ पुसताना बुवांनी रबर कागदाला टेकवलं की नाही, याबद्दल शंका आहे.

पण हुकूम निघणं वेगळं आणि माणूस निघणं वेगळं. ठाणेदार आता दुसरे होते, पण माणूस वाईट नव्हते. ते म्हणाले, बदली आली की अडवायची माझी छाती नाही, पण हिच्या जागी कुणी पाठवा आणि घेऊन जा. जागी कुणी आलं नाही. पंधरा दिवस गेले, महिना संपला. हुकूम झालेली हवालदारीण अजून फाटकावर, वायरलेसवर आणि तक्रारीच्या टेबलावर होती.

त्या महिन्याची बेरीज बुवांना जमेना. राज्यात एक माणूस जास्त भरत होता. त्यांनी उभी बेरीज केली, आडवी केली. दुपारचा डबा तसाच परत नेला. तीन दिवस ते तक्त्यावर असे वाकले होते की मोठ्या बाईंनी विचारलं, कुणी आत पडलंय का? तिसऱ्या दिवशी सापडलं. हुकूम आला म्हणून महिला कक्षाने एक हवालदार हजर दाखवली होती. सुटका झाली नाही म्हणून टोकाच्या ठाण्याने एक हवालदार हजर दाखवली होती. आणि त्या दोघी एकच होत्या.

बुवा ते दोन आकडे बघत बसले. तक्त्याच्या एका टोकाला ती होती आणि दुसऱ्या टोकालाही होती, मधे एकोणचाळीस घटक. निदान कागदावर का होईना, ती या शहरात येऊन राहिली होती, त्यांच्या क्वार्टरपासून चालत वीस मिनिटांवर.

मोठ्या बाई म्हणाल्या, एकाचा तर फरक, राहू द्या, चार-आठ दिवसांत येईलच. मंत्रालयात काय तुमच्या बायकोला मोजायला बसलेत? बुवांनी नकारार्थी मान हलवली. नियम असा की महिन्याच्या शेवटच्या दिवशी माणूस जिथे उभा, तिथे मोजायचा. बावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या बायकांना, नवऱ्यांना, पोरांना याच नियमाने मोजलं होतं. घरच्या माणसासाठी वेगळी पट्टी कुठून आणणार? शिवाय त्यांना वाटलं, खाली टीप लिहिली की झालं. त्यांनी महिला कक्षासमोरचा आकडा एकने कमी केला, रिक्तच्या रकान्यात एक मांडला आणि तळाला लिहिलं की ही जागा भरलेली आहे, हवालदार वाटेवर आहेत.

तक्ता वर जाताना टंकलेखकाने टीप गाळली. तक्त्याच्या नमुन्यात टिपेला जागा नव्हती.

बाराव्या दिवशी ती रिकामी जागा भरायचा हुकूम आला, दुसऱ्याच एका बाईच्या नावाने. नव्या बाई दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला हजर झाल्या. त्यांना सोडायला त्यांच्या ठाण्यात माणसं पुरेशी होती. जुना हुकूम रद्द झाला. मुलीने घरी आल्यावर एवढंच विचारलं, "बाबा, आईला तुम्ही खोडलंत?" आणि खुंटीवर अडकवलेली आपली छत्री काढून घेतली.

पुढच्या रविवारची वाट न बघता बुवा एसटीत बसले. फाटकावर कुणी नव्हतं. ते त्याच तिरक्या बाकावर बसून राहिले. वायरलेसच्या खोलीतून ती बाहेर आली, टोपी काढली आणि शेजारी बसली.

"जागा गेली," ते म्हणाले.

"ठाऊक आहे. निरोप वायरलेसवर आला. मीच उतरवून घेतला."

"ती रिकामी आहे असं मी लिहिलं."

तिने टोपीची कड चाचपली. मग म्हणाली, "अहो, एकदा मला तीन लिहिलंत, तेव्हा तुमचा हात थरथरला नाही. आता दोन लिहायला काय झालं होतं?"

आत फोन वाजला. तो उचलायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं, म्हणून ती उठून गेली. बुवा पाचच्या एसटीने परतले.

त्या महिन्याचं पत्रक आलं तेव्हा शेऱ्याचा रकाना कोरा होता. पुढच्या महिन्यातही कोरा. बुवा कागद खिडकीकडे तिरपा धरून बघत, उगाच. मोठ्या बाई तेव्हाही खिडकीपाशी कुणाला उभं राहू देत नसत. तिसऱ्या महिन्यात मात्र बारीक पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'चादर धुतली, आटली. अजून रुंदच आहे.' ही एक ओळ बुवांनी पुसली नाही. ते पत्रक मुख्यालयाच्या फायलीत आजही तसंच आहे आणि कुठल्याही तपासणीत त्यावर आक्षेप आलेला नाही.

त्यानंतर सहा वर्षं शहरात महिला हवालदाराची जागा रिकामी झाली नाही. तिकडे चारातल्या उरलेल्या तीन जागांपैकी एकही भरली गेली नाही. बुवांचं वय मात्र नियमाने दर वर्षी एकने वाढत होतं, आणि अठ्ठावन्न पूर्ण होताच ते सेवानिवृत्त झाले. निरोपाच्या सभेत सगळे त्यांच्या बेरजांबद्दल बोलले. मोठ्या बाई बोलायला उभ्या राहिल्या, एवढंच म्हणाल्या की आता बुवांना कुठल्याही यादीतून कुठेही जाता येईल, आणि खाली बसल्या. दुसऱ्याच दिवशी बुवांनी क्वार्टरच्या भिंतीतल्या दोन खुंट्या पक्कडीने काढल्या, दुसरी खुर्ची एसटीच्या टपावर बांधली आणि टोकाच्या ठाण्यामागच्या दोन खोल्यांत राहायला गेले. तिच्या निवृत्तीला अजून चार वर्षं होती. तिने आतल्या खोलीत निळी चादर अंथरून ठेवली होती.

ती फार घोरते. चौथ्या दिवसापासून बुवा बाहेरच्या खोलीत झोपतात.