सत्तारचाचांचा हात

सत्तारचाचांच्या हातात काहीही दिलं की ते आधी दोनदा वरखाली करायचे. कलिंगड, चादर, शेजाऱ्याचं बाळ, काहीही. मग डोळे मिटून वजन सांगायचे आणि शुक्रवार पेठेतली आमची गल्ली काटा आणायला धावायची. काटा बहुतेकदा त्यांचंच ऐकायचा. तरुणपणी चादरींच्या दुकानात त्यांचा हा हात तयार झाला. पुढे कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं, तरी हात तोच.

मी लग्नांचे व्हिडिओ करतो. लोकांच्या लग्नातल्या चुका कापून टाकतो, माझ्या तशाच राहतात. नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं, तेव्हा त्याचा भार पेलेल असा पॉवर सप्लाय, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, हवा होता. इंटरनेटवर वाचून तज्ज्ञ होऊनच मी दुकानात गेलो.

"चाचा, साडेसहाशे वॅटचा द्या. नावाजलेल्या कंपनीचा."

"वॅट डब्ब्यावर कोन बी छापतंय की. इधर आ." त्यांनी दोन्ही हातांत दोन डबे तोलले. "ये देख, हलका. अंदर हवा. आन् ह्यो? तांबा हाय आत! तांबा झूट नै बोलता."

मीही तो उचलून पाहिला आणि काही न कळता मान डोलावली. माझं तज्ज्ञपण तिथंच संपलं.

दुधनीच्या एका लग्नाचा व्हिडिओ तयार होत होता. पाठवणीला नवरी रडायला लागली, कार्डावर सगळा भार आला आणि डब्यातून धूर निघाला. जाताना तो कार्डालाही घेऊन गेला.

डबा चाचांकडे नेला. स्क्रू काढता काढता ते मलाच झापत होते, "तूच कायतर उलटं जोडलं असशील. तुझं कवा सरळ असतंय?" झाकण निघालं. आत तांबं नावालाच, आणि कोपऱ्यात चिकटवलेला सिमेंटचा गोळा.

चाचांनी तो उचकटून तळहातावर घेतला. सवयीनं हात एकदा वर गेला, आणि तिथंच थांबला.

"चाचा, आता बांधकाम काढा," मी म्हणालो. कुठं गप्प बसावं, हे मला कधीच कळलेलं नाही.

"मेरे हात के वास्ते डाले ये," ते हळूच म्हणाले. "हातानं वजन बघणाऱ्यालाच फसवायला."

मी नको नको म्हणत असताना त्यांनी मला दुसरं कार्ड दिलं. त्यानंतर मात्र ते कुठलीच वस्तू तोलेनात. गिऱ्हाईक म्हणायचं, "चाचा, तुमीच सांगा की." चाचांचे हात खिशात. "लिखेला हाय की वर. वाचा." नुसतं वाचायचंच असेल तर लोक घरबसल्या मोबाईलवर वाचत होते. दुकान बंद झालं.

चाचा वारले त्याच्या थोडं आधी त्यांना नात झाली. दुपट्यातलं बाळ त्यांच्या हातांवर ठेवलं. गल्ली जमली होतीच. "सांगा चाचा, किती किलो?"

हात हलले नाहीत. चाचांनी बाळाकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"मेरेकू क्या मालूम," ते म्हणाले. "काट्यावर ठेवा."