गप्प बसण्याची अट

शिवणाचं दुकान दोघी जावांचं. थोरली गिऱ्हाइकांशी बोलायची, धाकटी कपडा बेतायची. थोरली तोंडाची फटकळ. धाकटी दिवसभरात चार शब्द बोलली तरी खूप.

इस्त्री नवीच होती. दुपारी धाकटीनं झग्याच्या चुण्या बसवायला इस्त्रीची मूठ धरली, झटका बसला आणि मूठ सुटेचना. तोंडातून आवाजही फुटेना. थोरलीनं बटण बंद केलं म्हणून जीव वाचला, पण उजव्या हाताची बोटं आखडली ती आखडलीच.

थोरली इस्त्री विकणाऱ्या दुकानदाराकडे गेली. तो म्हणाला, "ओल्या हातानं धरली असेल, वहिनी."

"शिवणारीचा हात ओला असतो होय? मग गिऱ्हाइकाच्या रेशमाचं काय व्हायचं?"

तिनं ग्राहक न्यायालयात तक्रार केली. तारखांवर तारखा पडू लागल्या. मग एक दिवस कंपनीचा माणूस घरी आला. अगदी गोड बोलला. उपचाराचा सगळा खर्च देतो म्हणाला, वर भरपाईही. फक्त तक्रार मागे घ्यायची, कुठं बोलायचं नाही आणि कागदावर सही करायची. थोरलीचं मन डळमळलं. औषधपाण्यानं दोघी मेटाकुटीला आल्या होत्या.

"सही कुठल्या हातानं करू?" धाकटी म्हणाली.

तो माणूस कागद आवरून उठला. तो गेल्यावर ती जावेला म्हणाली, "ताई, उद्या दुसऱ्या कुणाचा हात गेला, तर तो माझ्या गप्प बसण्यानं जाईल. ते नाही सोसवणार मला."

दुसऱ्या दिवसापासून थोरली त्या दुकानासमोर उभी राहू लागली. आत जाणाऱ्याला सांगायची, "पंखा घ्या, मिक्सर घ्या. ही इस्त्री तेवढी घेऊ नका."

"पोटावर पाय देताय माझ्या," दुकानदार कळवळून म्हणाला. ती हलली नाही. लोक हसले, काहींनी वेडी म्हटलं. एकदा मात्र एक सलूनवाला तिचं बोलणं ऐकून जागीच थबकला. त्याच्या बायकोलाही याच इस्त्रीचा झटका बसला होता; भिंतीला ओल आहे म्हणून असेल, असं ते धरून चालले होते. त्यानंही तक्रार केली. मग न्यायालयानं इस्त्री तपासायला पाठवली. आतली तार मुठीच्या स्क्रूला टेकत होती. कंपनीला भरपाई द्यावी लागली, दुकानातला सगळा माल परत घ्यावा लागला.

खोकी टेम्पोत चढताना थोरली समोरच उभी होती. दुकानदार हळूच म्हणाला, "मला खरंच माहीत नव्हतं हो."

"आता आहे ना," ती म्हणाली. तिला वाटलं होतं, या दिवशी मन हलकं होईल. तसं काही झालं नाही.

घरी आल्यावर धाकटीनं विचारलं, "आणि ज्या विकल्या गेल्या, त्या?"

त्या कुठं आहेत, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हापासून शिवायला कपडा घेऊन कुणीही आलं, की माप घेण्याआधी थोरली विचारते, "घरी इस्त्री कुठली वापरता?"